टिश्यूचं पाकीट आणि तीस दिवस

चकाचक एअरपोर्ट, झटपट कामं आणि तगडा पगार... सिंगापूर म्हटलं की आपल्याला एवढंच दिसतं. मलाही एवढंच दिसत होतं. या शहराशी खरी ओळख झाली ती हातातली नोकरी गेल्यावर!

सिंगापूरमधल्या माझ्या पहिल्याच लंच ब्रेकमध्ये मी माती खाल्ली. मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये ही तोबा गर्दी. त्यात एक टेबल चक्क रिकामं. वर फक्त टिश्यू पेपरचं एक पाकीट. कुणीतरी विसरलं असेल, म्हणून मी खुशाल बसलो. दोन मिनिटांत तीन जण हातात ट्रे घेऊन समोर हजर! माझ्याकडे असं बघत होते, जणू मी त्यांच्या घरात घुसलोय.

ऑफिसमधली माझी सिंगापुरी कलीग हे ऐकून पोट धरून हसली. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसं इथं टिश्यू टाकतात. त्याला म्हणतात ‘चोप’. आणि त्यामागच्या स्वभावाला म्हणतात ‘कियासू’. चिनी लोकांच्या होक्कियन बोलीतला शब्द. अर्थ सरळ आहे, हरायची धास्ती. आपण मागे पडू, आपल्या वाटणीचं दुसरा कुणी घेऊन जाईल, ही कायमची धाकधूक.

अख्खा देशच कियासू!

मी तिथं एका लॉजिस्टिक्स कंपनीत ॲनॅलिस्ट होतो. दिवसभर कंटेनर मोजायचे. मोजता मोजता कळत गेलं, की ही धाकधूक माणसांपुरती नाही, देशाचीच आहे. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियातून बाहेर पडलं. खरं तर बाहेर काढलं गेलं. ना खनिजं, ना पुरेशी शेती. प्यायचं पाणीसुद्धा शेजारच्या जोहोरमधून पाइपानं यायचं. आजही येतं.

मग करायचं काय? कामाला सुरुवात आधीच झाली होती. १९६१ मध्ये इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड निघालं. मंत्री गोह केंग स्वी यांनी जुराँगच्या दलदलीत इंडस्ट्रियल इस्टेट उभारायला घेतली, तेव्हा लोक तिला ‘गोहचा वेडेपणा’ म्हणायचे. डच अर्थतज्ज्ञ आल्बर्ट विन्सेमियस सल्लागार होते. त्यांचा एक सल्ला भारी होता. इंग्रज रॅफल्सचा पुतळा पाडू नका. का? तर बाहेरच्या कंपन्यांना भरवसा वाटावा म्हणून! नव्यानं स्वतंत्र झालेले कितीतरी देश परदेशी कंपन्यांकडे संशयानं बघत होते, तेव्हा सिंगापूर त्यांना पायघड्या घालत होतं.

१९७२ मध्ये तांजोंग पागारला कंटेनर टर्मिनल सुरू झालं. २०२४ मध्ये या बंदरातून वीसफुटी कंटेनरच्या हिशेबानं ४ कोटींहून जास्त कंटेनर हलले. देशाची लोकसंख्या साधारण ६० लाख, पण आयात-निर्यात मिळून आकडा जीडीपीच्या तिपटीच्या घरात. म्हणजे जगाला शिंक आली की यांना ताप! १९८५ मध्ये मंदी आली, तेव्हा सरकारनं सीपीएफमधला, म्हणजे तिथल्या पीएफमधला, मालकांचा वाटा २५ टक्क्यांवरून थेट १० टक्क्यांवर आणला. लोकांची बचत कमी झाली तरी चालेल, पण कारखाने टिकले पाहिजेत. आपल्याला कुणी पोसणार नाही, हे धोरण तिथं इतकं रोखठोक असतं.

‘कॅन ऑर कॅनॉट?’

ऑफिसातही तेच. मीटिंग दहाची म्हणजे दहाची. बॉसला चारचौघांत खोडून काढायचं नाही, नंतर केबिनमध्ये जाऊन सांगायचं. लांबण लावली की एकच प्रश्न यायचा, ‘‘कॅन ऑर कॅनॉट?’’ होईल की नाही, एवढंच बोल. ‘‘बघतो, करतो’’ म्हणायची माझी पुणेरी सवय पहिल्या महिन्यातच सुटली. खरं सांगतो, मला हे सगळं आवडायचं.

जून २०२४ मध्ये एका मंगळवारी एचआरनं बोलावलं. टीममधली बारा माणसं कमी होणार होती. त्यात मी होतो. माझी ती कलीगही होती. वीस मिनिटांत लॅपटॉप जमा. इथंही ‘कॅन ऑर कॅनॉट’, आणि उत्तर आलं होतं, कॅनॉट.

एम्प्लॉयमेंट पास कॅन्सल झाला की साधारण तीस दिवस राहता येतं. बायको डिपेंडंट पासवर, म्हणजे माझा पास गेला की तिचाही गेला. टॅक्स क्लिअरन्स होईपर्यंत शेवटचे पैसे कंपनी रोखून ठेवते. बहुतेक कंपन्यांना परदेशी माणूस घेण्याआधी सरकारी पोर्टलवर चौदा दिवस जाहिरात द्यावी लागते. सप्टेंबर २०२३ पासून त्यात ‘कंपास’ची भर पडली. पगार, डिग्री वगैरेंचे मिळून ४० पॉइंट्स हवेत. तीसातून चौदा वजा करा. रात्री मी आणि बायको कॅलेंडर घेऊन हेच गणित करत बसायचो.

कलीगचं गणित वेगळं होतं. वय सत्तेचाळीस. घर सरकारी एचडीबी फ्लॅट, ९९ वर्षांच्या लीजवर. तिला देश सोडायचा नव्हता, पण या वयात घेणार कोण? त्याच आठवड्यात तिनं डेटा ॲनॅलिटिक्सच्या कोर्सला नाव घातलं. चाळिशीपुढच्यांसाठी सरकारनं नुकतंच ४,००० डॉलरचं स्किल्सफ्यूचर क्रेडिट दिलं होतं. ‘‘रडू नंतर,’’ ती म्हणाली, ‘‘आधी सीट पकडू.’’

माझे तीस दिवस संपले. सामान एका मित्राकडे टाकून आम्ही पुण्याला आलो. आईनं काही विचारलं नाही, पण शेजारच्या काकूंनी विचारलंच, ‘‘काय रे, सुट्टीवर?’’ तीन आठवड्यांनी नव्या कंपनीचं अप्रूव्हल आलं. पगार थोडा कमी. कलीगला आठ महिने लागले. तिचा पगार बराच कमी.

राग आला का? आला. पण कुणी मला खोटी आशा लावून लटकवलं नव्हतं. नियम पहिल्या दिवसापासून समोर होते. मी ते वाचले नव्हते, कारण सगळं छान चाललं होतं! देशानं साठ वर्षं जपलेली धास्ती मला तीस दिवसांत कळली. ती जरा आधी, स्वतःहून बाळगायला हवी होती, इतकंच. पण तिच्यामुळे सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला रडायलाही वेळ मिळू नये, हे मात्र मला अजून पटत नाही.

आता माझ्या बॅगेत कायम टिश्यूचं पाकीट असतं. आणि सीव्ही अपडेटेड.

सिंगापूरला नोकरीसाठी निघालात? मग हे बघाच...

• जानेवारी २०२५ पासून नव्या एम्प्लॉयमेंट पाससाठी महिना किमान ५,६०० डॉलर पगार लागतो. फायनान्समध्ये ६,२००. वयाप्रमाणे हा आकडा वाढतो.
• या पासवर सीपीएफ मिळत नाही. बचत तुमची तुम्हीच करायची.
• घराच्या करारात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ मागून घ्या. नोकरी गेली तर करार मध्येच सोडता येतो, पण त्याच्या अटी नीट वाचा.
• सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.
• व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या आणि घ्या. रिकाम्या टेबलावर टिश्यू दिसला तर बसू नका!