दिव्यांगांच्या निधीचा न्याय्य विनियोग

‘आंधळें दळतें, कुत्रें पीठ खातें’ ही म्हण मराठी घरांत सर्वांच्या तोंडीं आहे. ती ऐकतांना मनाचा रोख बहुधा दळणाराच्या आंधळेपणाकडे जातो. वस्तुतः दळणारें आपलें काम चोख करीत असतें. पीठ राखण्याचें काम ज्या डोळसांचें, त्यांनीं तें केलेलें नसतें. दिव्यांगांसाठीं राखून ठेवलेल्या सार्वजनिक पैशाच्या बाबतींत ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

भारतांत २०११ च्या जनगणनेंत दिव्यांगांची संख्या सुमारें २ कोटि ६८ लक्ष भरली. १९९५ च्या कायद्यानें अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यानें ते २१ केले. हें योग्यच झालें. परंतु त्यामुळें मागणारे वाढले आणि थैलीचें तोंड मात्र त्या मानानें रुंदावलें नाहीं. म्हणून असलेला पैसा कोणाला, कशासाठीं व किती द्यावा, हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे.

त्याचें स्वरूप गांवाच्या उदाहरणावरून चांगलें कळतें. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतींनीं स्वतःच्या उत्पन्नापैकीं ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठीं खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वीं हा वाटा ३ टक्के होता. समजा, एका ग्रामपंचायतीचें वर्षाचें उत्पन्न ८ लक्ष रुपये आहे. पांच टक्क्यांनीं ४० हजार रुपये झाले. गांवांत २० दिव्यांग आहेत. सर्वांत सोपी वाटणी म्हणजे दरडोई २ हजार. कोणाची तक्रार नाहीं आणि हिशेबहि चुटकीसरशी पुरा!

परंतु बहिर्‍या मुलाला तेवढ्यांत चांगलें श्रवणयंत्र येत नाहीं; आणि पायानें अधू, परंतु स्वतःचें दुकान नीट चालविणार्‍या गृहस्थाचे दोन हजार सणाच्या खरेदींत खपून जातात. एकाची गरज भागली नाहीं, दुसर्‍याला फारशी गरज नव्हती. समान वाटप व न्याय्य वाटप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वैद्य सर्व रोग्यांना एकच मात्रा देत नाहीं, आणि त्याला कोणी पक्षपाती म्हणत नाहीं.

गरजांचे स्थूलमानानें तीन प्रकार पडतात. पहिली रोजच्या निर्वाहाची. तिच्यासाठीं राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतून दरमहा ठराविक रक्कम मिळते. दुसरी साधनांची. तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्रें इत्यादि देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. तिसरी गरज गांवांतल्या गांवांत उत्पन्न होणारी. शाळेच्या पायर्‍यांशेजारीं उतार नसणें, प्रमाणपत्रासाठीं जिल्ह्याच्या रुग्णालयांत जावयास भाडें नसणें, मिळालेलें साधन नादुरुस्त होणें, या अडचणी वरच्या सरकारला दिसतहि नाहींत. जें वरून मिळतें त्यावर गांवानें पुन्हां पैसा घालूं नये. वरचा हात जेथें पोंचत नाहीं तेथें घालावा.

दुरुस्तीचीच गोष्ट घ्यावी. केंद्राच्या योजनेंत एकाच कारणासाठीं तीन वर्षांच्या आंत पुन्हां मदत मिळत नाहीं. बारा वर्षांखालील मुलांना ही मुदत एक वर्षाची आहे. मध्यंतरीं तीनचाकीचा टायर फाटला कीं ती अंगणांत पडून राहते आणि तिचा मालक पुन्हां चार भिंतींआड जातो. थोडक्या पैशांची दुरुस्ती वेळेवर न झाल्यानें हजारोंचें साधन वायां जातें. उलट, मार्च महिना जवळ आला म्हणून खर्च दाखविण्यापुरत्या वस्तु घाईघाईनें आणून वाटल्या, तर कागद पुरा होतो, गरज तशीच राहते. शाळेला एकदां बांधलेला उतार मात्र पुढें कित्येक वर्षें उपयोगीं पडतो. त्यावरून चाकाची खुर्ची जाते आणि गुडघे धरलेली आजीहि जाते.

आतां राखणीविषयीं. खोट्या प्रमाणपत्रावर लाभ उकळणारास २०१६ च्या कायद्यानें दोन वर्षांपर्यंत कैद, एक लक्ष रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. ही कडक तरतूद हवीच. परंतु चोराला रोखण्याच्या भरांत धन्यालाच दाराबाहेर उभें करूं नये. पाय कापलेल्या माणसाला, तो पाय पुन्हां फुटला नाहीं हें दरसाल सिद्ध करावयास लावणें, ही तपासणी नव्हे, छळ होय. खरी राखण हिशेबांत असते. किती रक्कम जमली, कोणत्या कामाला गेली, किती शिल्लक राहिली, हें ग्रामसभेंत वाचून दाखवावें. कोणाच्या व्याधीचा मात्र चारचौघांत उच्चार करूं नये. आणि खर्च ठरवितांना गांवांतल्या दिव्यांगांपैकीं दोघांतिघांस, विशेषतः त्यांतील स्त्रियांस, अवश्य विचारावें. कोणती पायरी अडते, हें अडणारालाच ठाऊक असतें.

हा निधि कोणाचा उपकार नव्हे. मात्र हक्काचा पैसाहि मोजकाच असतो, आणि एकानें गरजेवांचून उचललेली रक्कम दुसर्‍या कोणाच्या तरी कुबडीची असते. दळणारे आपलें काम करीतच आहेत. पीठ राखणें हें डोळसांचें काम आहे.