माजी सैनिकांची पेन्शन, दवाखाना आणि पारावरचे गैरसमज

खंडाळा तालुक्यात शिरवळपासून लोणंदपर्यंत कुठल्याही गावच्या पारावर ‘मेजर’ अशी हाक मारा, कोणीतरी ओ देतोच. सैन्यातून पेन्शनीवर आलेली ही माणसं. निवडणूक आली की त्यांच्या पेन्शनीवरून आणि औषधपाण्यावरून ‘आम्ही दिलं’, ‘त्यांनी काढून घेतलं’ अशी जुंपते. त्या गदारोळात चुकीची माहिती पसरते आणि तिचा भुर्दंड घरच्यांना बसतो.

सगळ्यांत महागात पडणारा समज म्हणजे ‘फौजी माणसाला दवाखाना आयुष्यभर फुकट’. माजी सैनिकांची आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली. तिच्यासाठी निवृत्तीच्या वेळी हुद्द्याप्रमाणे एकरकमी वर्गणी भरावी लागते. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना ती माफ आहे. पंधरा वर्षं पुरी होण्याआधी घरी आलेल्या आणि अपंगत्वाचीही पेन्शन नसलेल्या जवानाला या योजनेत जागा नाही.

कार्ड हातात असलं तरी साधारणपणे आधी पॉलिक्लिनिक गाठावं लागतं. खंडाळ्याच्या फौजीला त्यासाठी खंबाटकी ओलांडून साताऱ्याला, नाहीतर पुण्याला जावं लागतं. तिथला डॉक्टर रेफरल देतो, मग योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात कॅशलेस उपचार होतात. मात्र जिवावर बेतलं असेल तर रेफरलसाठी थांबू नका. नोंद नसलेल्या जवळच्या रुग्णालयातही दाखल करता येतं. फक्त 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. बिलाची परतफेड सरकारी दराने होते, वरचा फरक खिशातून जातो. घाबरलेल्या घरात कळवायचं राहून जातं आणि पुढे बिल अडकतं. म्हणून पॉलिक्लिनिकचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा.

‘कार्ड बघितलं की खासगी रुग्णालयं मुजोरी करतात’ ही तक्रारही नेहमीची. काही ठिकाणी ती खरी असेलही, पण मूळ दुखणं थकलेल्या बिलांचं आहे. केंद्राच्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी 2024-25 मध्ये 6,968 कोटी होते, 2025-26 मध्ये 8,317 कोटी झाले. वाढ झाली हे मान्य. पण तरतूद अपुरी पडली की देणी पुढच्या वर्षावर जातात, रुग्णालयं हात आखडता घेतात आणि शेवटी खोळंबतो तो पेशंट. भाषणांतून ऐकू यायला हवा तो हा हिशेब.

आता वन रँक वन पेन्शन. ‘1973 मध्ये दिल्लीने फौजींची पेन्शन कापली’ असं सांगणाऱ्यांना एक गोष्ट आठवत नाही. तिसऱ्या वेतन आयोगाच्या त्या वर्षी केंद्रात अर्थमंत्री होते आपल्याच सातारच्या मातीतले यशवंतराव चव्हाण. त्यामुळे याचं खापर परक्या कोणावर फोडून मोकळं होता येत नाही. पुढे 2011 मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने वन रँक वन पेन्शनची मागणी उचलून धरली, 2014 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 500 कोटी ठेवले गेले, जंतरमंतरवर आंदोलन झालं आणि 5 सप्टेंबर 2015 ला मनोहर पर्रीकरांनी योजना जाहीर केली. ती 1 जुलै 2014 पासून लागू धरली गेली. एका पक्षाने दिली आणि दुसऱ्याने अडवली, इतकं ते सरळ नाही.

‘हुद्दा सारखा की पेन्शन सारखी’ हेही अर्धंच खरं. हुद्द्याबरोबर नोकरीची वर्षंही सारखी लागतात. शिवाय फेरआढावा दर पाच वर्षांनी होतो, आंदोलकांनी मागितला होता तसा दरवर्षी नाही. 1 जुलै 2019 पासूनची फेररचना करा, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये सांगितलं आणि मंत्रिमंडळाची मंजुरी त्या डिसेंबरात आली. थकबाकी कधी द्यायची याच्या तारखासुद्धा मार्च 2023 मध्ये न्यायालयालाच घालून द्याव्या लागल्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्याच्याच पैशासाठी इतकं थांबवणं मला अन्यायाचं वाटतं.

सगळ्यांत दाट धुकं चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांबद्दल आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये बुलढाण्याचे अग्निवीर अक्षय गवते यांचा मृत्यू झाला, तेव्हा ‘कुटुंबाला काहीच मिळणार नाही’ असं पसरलं. ते खोटं होतं: 48 लाखांचा विमा आणि 44 लाखांचं सानुग्रह अनुदान नियमातच आहे. पण नेहमीची कुटुंब पेन्शन नाही, हेही तितकंच खरं. चार वर्षांनी परतणाऱ्याला सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी मिळतो. पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि ईसीएचएस मिळत नाही.

पहिली तुकडी जानेवारी 2023 च्या सुमारास प्रशिक्षणाला लागली. चार वर्षांचा हिशेब धरला तर 2026 संपता संपता त्यातले जवान गावी परतायला लागतील. वर्गणी भरून का होईना, त्यांना ईसीएचएस खुली करायला हवी. ‘पेन्शन नाही तर दवाखाना नाही’ हा नियम काही दगडावरची रेघ नव्हे. पेन्शन नसलेल्या शॉर्ट सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च 2019 मध्ये याच योजनेत घेतलं आहे.