फाइल सर्व्हरवर चढत नाही? आधी आकडा वाचा

पंचवटीतल्या एका काकांची गोदाघाटाच्या जुन्या फोटोंची वेबसाइट आहे, इंटरनेट कंपनीने दिलेल्या जागेत. परवा नवे फोटो काही केल्या चढेनात.

ते ब्राउझरमधून प्रयत्न करत होते. तो रस्ता आता बंद आहे. क्रोम आणि फायरफॉक्स, दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी, म्हणजे सर्व्हरशी फाइलींची देवाणघेवाण करायची पद्धत, काढून टाकलं. त्याऐवजी फाइलझिला हा एफटीपीचा प्रोग्रॅम घ्या, मोफत आहे.

मग सर्व्हरचं उत्तर नीट वाचा. ५३० म्हणजे लॉगिन चुकलं. ५५० म्हणजे बहुधा फोल्डर चुकला किंवा तिथे लिहायची परवानगी नाही. ५५२ म्हणजे जागा संपली.

४२५ आला तर पॅसिव्ह मोड चालू करा. ॲक्टिव्ह मोडमध्ये फाइलसाठीची जोडणी सर्व्हर तुमच्याकडे करू पाहतो आणि घरचा राउटर ती अडवतो. पॅसिव्हमध्ये तीही जोडणी तुमच्याकडूनच होते.

काकांचं ५५० होतं. योग्य फोल्डर उघडला, फोटो चढले, तरी पानावर दिसेनात! लिनक्स सर्व्हरला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात. कॅमेऱ्याने नावात कॅपिटल ‘जेपीजी’ लावलं होतं, पानावर स्मॉल होतं. नावं कायम स्मॉल अक्षरांतच ठेवा.

आणि साधं एफटीपी पासवर्ड उघडा पाठवतं. सोय असेल तर एसएफटीपीच वापरा.

तुम्हाला कोणता आकडा दिसतोय? जरूर विचारा.