वेगळा कप

मीरा रोडच्या नयानगरात आमच्या इमारतीत एक आपा राहतात. शौहरच्या इंतकालनंतर त्यांना एचआयव्ही असल्याची कुजबुज सुरू झाली. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा आम्ही चहा दिला, पण वेगळ्या कपात. त्यांनी तो निमूटपणे प्यायला, स्वतः धुऊन उपडा ठेवला आणि पुन्हा आल्या नाहीत. हा विषाणू भांड्यातून, स्पर्शातून किंवा एकत्र जेवण्यातून पसरत नाही, असे आम्ही वर्गात शिकवतो. घरी मात्र आम्हीच ते विसरलो.

काही महिन्यांनी जिन्यात गाठ पडली. आम्ही माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बाजी, गोळीची सवय झाली. लोकांच्या नजरेची होत नाही." मधल्या काळात निराश होऊन त्यांनी काही दिवस गोळ्याच सोडल्या होत्या. (हे सारे त्यांच्या परवानगीने, नाव न देता लिहीत आहोत.)

धोका नेमका इथेच आहे. 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेतली तर विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. माणूस दीर्घ आयुष्य जगू शकतो. पण मन खचले की गोळ्या चुकतात आणि विषाणू पुन्हा डोके वर काढतो. म्हणजे आपले वागणे हाही उपचाराचाच भाग आहे.

केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामास सक्षम माणसाची नोकरी नाकारता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्येच दिला. 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. नोकरी, शाळा, दवाखाना किंवा भाड्याचे घर, कुठेही भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. अशा व्यक्तीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही, की तिच्या संमतीविना तिचा आजार उघड करता येत नाही.

रमजानमध्ये रोजे ठेवायचे असतील तर गोळीची वेळ आधी डॉक्टरांना विचारून ठरवावी. मनाने गोळी बंद करू नये. माहिती किंवा समुपदेशन हवे असल्यास 1097 हा मोफत क्रमांक आहे.

आपा आता पुन्हा येतात. कप सगळ्यांचे सारखेच असतात. आपल्या इमारतीतही कोणी येणे थांबवले असेल, तर आधी आपणच त्यांचे दार वाजवू या.