एमजीबीचा मागचा अ‍ॅक्सल : तीन दशकांचा हिशेब

जुन्या गाडीत मोठे इंजिन बसवायचे म्हटले की मागच्या अ‍ॅक्सलबद्दल एकच प्रश्न पुढे येतो : टिकेल का? ब्रिटनच्या एमजीबीची 1962 ते 1995 ही वाटचाल पाहिली तर हा प्रश्न दुसरा ठरतो, पहिला रेशोचा. या गाडीच्या सांगाड्यात कारखान्यानेच चार, सहा आणि आठ सिलिंडरची इंजिने बसवली, पण मागे पाट्यांवर बसणारा सलग अ‍ॅक्सल शेवटपर्यंत ठेवला. साठच्या दशकात जुन्या बँजो हाउसिंगच्या जागी सॅलिसबरी हाउसिंग आले खरे, पण तो बदल चार सिलिंडरच्या गाडीतही झाला. इंजिनागणिक मुख्यतः बदलत गेली ती क्राउन-पिनियनची जोडी.

मूळ 1798 सीसी इंजिनाचा टॉर्क सुमारे 149 न्यूटन-मीटर. 1973 साली आलेल्या जीटी व्ही8 मध्ये रोव्हरचे 3528 सीसीचे इंजिन होते आणि टॉर्क 262, म्हणजे पाऊणपट जास्त. मूळ जोडीत क्राउनला 43 आणि पिनियनला 11 दाते, रेशो 3.909. व्ही8 ला 43 आणि 14 दाते, रेशो 3.07, पहिला गिअरही 3.44 वरून 3.138 वर आणला. गुणाकार केला की पहिल्या गिअरमध्ये चाकांवर येणारा टॉर्क सुमारे 2000 वरून 2500 पर्यंतच जातो. इंजिन पाऊणपट वाढले, हाफ शाफ्टवरचा बोजा पावपट. पिनियनवरचा भार मात्र सुमारे साठ टक्क्यांनी वाढतो. तो पेलायला तिथे तीन दाते जास्त आहेत. शिवाय ओव्हरड्राइव्ह न लावता टॉप गिअरमध्ये ताशी 110 किलोमीटरला इंजिन सुमारे 3800 ऐवजी 3000 फेऱ्यांवर चालते. रेशो नीट निवडला की मजबुतीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

यावर आक्षेप असा की इतक्या कमी आकड्याच्या रेशोने गाडी सुस्त होते. एमजीसी हे त्याचे उदाहरण. 1967 च्या त्या 2912 सीसी सहा सिलिंडर गाडीला ओव्हरड्राइव्हसोबत 3.307 रेशो होता, तो कारखान्याने पुढे 3.7 केला. पण त्या इंजिनाचा कमाल टॉर्क 3400 फेऱ्यांवर मिळतो, व्ही8 चा 2900 वर, आणि तोही जास्त. म्हणजे चूक रेशो कमी करण्यात नव्हती, इंजिन कुठे जोर धरते हे न बघता तो ठरवण्यात होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : आजची इंजिने आणि रुंद, पकड घेणारे टायर यांच्यापुढे मूळ अ‍ॅक्सल पुरणार नाही, म्हणून फोर्डसारख्याचा दणकट अ‍ॅक्सलच आणावा. ताकद तेवढी असेल तर तो आणावाच लागेल. पण त्याबरोबर स्प्रिंगखालचे वजन वाढते, रुंदी कापून जुळवावी लागते, ब्रेक आणि हँडब्रेकची केबल नव्याने बसवावी लागते. खडबडीत रस्त्यावर पाट्यांवरची हलकी गाडी जड अ‍ॅक्सलने जास्त उसळते. 1992 च्या आरव्ही8 मध्ये 3946 सीसी आणि 190 हॉर्सपॉवर असूनही कारखान्याने सलग अ‍ॅक्सल आणि पाटेच ठेवले; घसरणाऱ्या चाकाकडे जोर वाया जाऊ नये म्हणून आत क्वेफचे डिफरन्शियल घातले. रेशो 3.31 केला, कारण पाच गिअरच्या बॉक्समधला पाचवा 0.79 चा होता. दोन्हींचा गुणाकार 2.6. जीटी व्ही8 चा 3.07 ओव्हरड्राइव्हच्या 0.82 ने गुणला तर 2.5. दोन दशकांच्या अंतराने, वेगळ्या गिअरबॉक्ससह, कारखाना जवळपास त्याच आकड्यावर आला.

म्हणून निवडीचा क्रम सरळ आहे. आधी गिअरबॉक्स आणि टायर पक्के करावेत, टॉप गिअरमध्ये किती फेऱ्या हव्यात ते ठरवावे, त्यावरून रेशो काढावा आणि मग पहिल्या गिअरचा टॉर्क मोजून हाउसिंग आणि शाफ्ट पुरतील का ते तपासावे. या तपासणीत मूळ अ‍ॅक्सल नापास झाला, तरच दुसऱ्या गाडीचा शोधावा.