ओटीपोटाचा व्यायाम आणि तो शिकवणाऱ्यांचे शिक्षण

सामायिक म्हणजे दोन घडींची, अर्थात ४८ मिनिटांची बैठक. आपल्या घरांतील काही भगिनी ती हळूहळू सोडून देतात. व्याख्यानाला जाणे, लांबची यात्रा टाळू लागतात. विचारले तर "आता होत नाही" एवढेच उत्तर मिळते. खरे कारण पुष्कळदा असे असते, की खोकताना, शिंकताना लघवीवर ताबा राहत नाही. बाळंतपणानंतर व वयपरत्वे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुर्बल होतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हा त्रास होतो. तेही बोलत नाहीत.

या स्नायूंच्या व्यायामाविषयी अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये लिहिले. आज ब्रिटनमधील 'नाइस' ही संस्था खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांसाठी किमान तीन महिने, देखरेखीखाली केलेला व्यायाम हा पहिला उपचार मानते. सारी मेख 'देखरेखीखाली' या शब्दात आहे. स्नायू वर ओढण्यास सांगितले असता अनेक जणी श्वास रोखून उलट खाली जोर देतात. काहींचे स्नायू मुळातच ताठर असतात; त्यांना आधी ते सैल सोडण्यास शिकवावे लागते. हा भेद तपासणीनेच कळतो.

ही तपासणी नाजूक असते. रुग्णाची संमती कशी घ्यावी, केव्हा थांबावे, संकोच न वाढवता कसे विचारावे, हे फिजिओथेरपीच्या पदवीत पुरेसे शिकता येत नाही. बँकेतही वाणिज्य पदवीधराला कर्जप्रस्ताव वाचणे नोकरीत, वरिष्ठांच्या हाताखालीच शिकावे लागे. ब्रिटनमध्ये या शाखेच्या फिजिओथेरपिस्टांची संघटना १९४८ पासून आहे. अमेरिकेत २००९ पासून विशेषज्ञतेची स्वतंत्र परीक्षा आहे. आपल्याकडे पदव्युत्तर पदवी आहे, तसेच शनिवार-रविवारचे वर्गही आहेत. मात्र दोन दिवसांचे प्रमाणपत्र ही सुरुवात झाली; पुढे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीत रुग्ण पाहिल्याविना हात बसत नाही.

जाणकार थेरपिस्ट किमान तीन दिवसांची पाणी व लघवीची नोंदवही लिहावयास सांगते. चोविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी घाईने भरपूर पाणी पिण्याची सवय असेल, तर संध्याकाळची धावपळ त्या वहीत लगेच दिसते. पाणी दिवसभरात विभागून पिता येते. व्रत मोडावे लागत नाही.

आपल्या अनेक मुली-सुना आज फिजिओथेरपिस्ट आहेत. दुकानाच्या नव्या फर्निचरला घरात एका बैठकीत मंजुरी मिळते. सुनेच्या अभ्यासक्रमाची फी मात्र 'खर्च' म्हणून मांडली जाते, आणि त्या दिवसांत दवाखाना बंद राहणार हेही ऐकवले जाते. माझ्या हिशेबाने ती रक्कम भांडवलात धरावी. उपचार घेणाऱ्यांनीही निःसंकोच विचारावे: हे शिक्षण कोठे घेतले, कोणाच्या देखरेखीत काम केले, तपासणीच्या वेळी घरची बाई सोबत थांबू शकेल का? लघवीतून रक्त जात असल्यास मात्र आधी डॉक्टरांकडेच जावे.