वखारीत शिरलेलं महायुद्ध

बेळगावात महायुद्धाचा विषय निघाला की मराठा लाइट इन्फंट्रीचं नाव पहिलं येतं. रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून इथं आहे. सीमाभागातल्या घरांतली पोरं इथंच रंगरूट म्हणून भरती झाली. पण पलटणीचा इतिहास वाचून त्यामागची माणसं कळत नाहीत.

पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथं अडकल्या. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले, पण बहुतेक हिंदी शिपाई त्या मांसाला शिवेनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘चालेल’ असे निरोप मागवण्यात आले. भाजीपाला नसल्यानं स्कर्व्ही पसरला आणि त्यात हिंदी शिपाई जास्त खचले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. हिंदी कैद्यांची रवानगी रास-अल-ऐनला, बगदाद रेल्वेच्या कामावर झाली. त्यातले कितीतरी परतलेच नाहीत.

मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्यात स्मारक उभं राहिलं. गोऱ्या सैनिकांची नावं त्यावर कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा दिला. ही उपेक्षा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं स्वतःच्या अहवालात मान्य केली, तीही २०२१ साली. त्या आकड्यांत आपल्या मुलुखातली माणसं आहेत, आणि मला याचा अजूनही संताप येतो.

दुसऱ्या युद्धात मराठ्यांची दुसरी पलटण लिबियातल्या तोब्रुकमध्ये होती. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं आणि पलटणीची पलटण कैद झाली. पलटण कितीही दूर असली तरी एरवी शिपायानं पगारातून घरी लावून दिलेली रक्कम मनिऑर्डरीनं गावात यायची. लष्कर आणि घर यांना जोडणारा हाच खरा धागा होता.

ज्यांच्या घरातून कुणी पलटणीत गेलं नव्हतं, त्यांनाही युद्धानं सोडलं नाही. बेळगाव जिल्ह्यातली निपाणी तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि बिडीच्या तंबाखूची मोठी पेठ होती. युद्धाचा खर्च भागवायला सरकारनं १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसवला. मिठावरचा कर जुना आणि सर्वांच्या तोंडी असलेला. तंबाखूवरचा मात्र नवा होता. हा कर सुकवलेल्या पानावर वजनानं होता आणि तंबाखू कशासाठी वापरणार त्यानुसार दर वेगळा. त्यामुळे माल सुकवणाऱ्याला परवाना आला, वखारीत साठ्याची नोंद आली, माल हलवायला परमिट आलं. कर भरल्याशिवाय माल हलवायचा तर तो सरकारी बंधनातल्या वखारीतच न्यावा लागे.

तंबाखूचं पान हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात ते नरम पडून जड होतं, उन्हाळ्यात कडक होऊन हलकं. शेतकरी आणि अडत्या यांना ही घट-वाढ हाताच्या बोटांवर कळायची. आता तीच गोष्ट सरकारी वहीत बसवावी लागली. वहीतलं वजन आणि तराजूवरचं वजन जुळलं नाही, तर खुलासा मालकानं द्यायचा. पिढ्यान् पिढ्या तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात दिल्लीच्या सरकारचा माणूस तराजू घेऊन उभा राहिला, तो या युद्धामुळे.

त्याच काळात पैशालाही भोक पडलं. धातू वाचवायला १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला. चांदीच्या टंचाईमुळे १९४० मध्येच एक रुपयाची नोट आली होती. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. शेजारच्या विजापूर भागात दुष्काळ पडला होता. कापडही नियंत्रणाखाली गेलं. निपाणीतल्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईला तोब्रुक कुठं आहे हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ज्वारी, रॉकेल आणि लुगडं महागलं हे तिला पुरेपूर ठाऊक होतं.

१९४५ ला युद्ध संपलं, कर मात्र राहिला. तंबाखूकराचा १९४३ चा कायदा त्याआधीच, १९४४ च्या केंद्रीय अबकारी कायद्यात सामावला होता. कच्च्या तंबाखूवरचं हे शुल्क उठायला १९७९ साल उजाडावं लागलं. म्हणजे निपाणीच्या शेतकऱ्यानं हिटलरच्या युद्धाचं ओझं स्वातंत्र्यानंतरही तीस वर्षांहून जास्त वाहिलं.

शौर्यपदकांची यादी रेजिमेंटकडे आहे, ती राहीलही. भीती आहे ती घरगुती कागदांची. सीमाभागातल्या ट्रंकांत आणि माड्यांवर त्या काळातली मनिऑर्डरीची कुपनं, तंबाखूचे परवाने, अडतीच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नयेत, नकला काढून ठेवाव्यात. वह्या हाताशी असतील तर १९४२-४३ आणि १९४३-४४ ही दोन सालं शेजारी ठेवून वाचावीत. हमाली, भाडं, अडत या जुन्या खर्चांच्या जोडीला कराची रक्कम कुठं आली, ती कुणाच्या नावे पडली आणि शेतकऱ्याच्या हाती शेवटी किती उरलं, हे तिथूनच कळेल.